कावजीचे नवे नाक

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या शेजारच्या काकू कितीतरी वर्षांनी मोत्यांच्या कुड्या घालून आल्या. त्यांचे कान तरुणपणापासूनच ओघळलेले. पुढे एका पाळीची भोके इतकी लांबली की अखेर पाळीची दोन शकले झाली, आणि तेव्हापासून चारचौघींत बसताना त्या पदर कानावरून घेत असत. यंदा त्यांच्या सुनेने त्यांना दवाखान्यात नेले. कानापुरती भूल दिली, अर्ध्या तासात पाळी शिवून झाली, आणि दोनतीन महिन्यांनी दुसऱ्या जागी नवे भोक पाडून मिळाले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला प्लास्टिक सर्जरी म्हणतात," असे काकूंनी सांगितले तेव्हा एकच हशा पिकला. एकीने विचारले, "मग कानात प्लास्टिक घातलंय की काय हो?" दुसरी म्हणाली, "ही सगळी विलायती थेरं!"

स्मरणिकेसाठी लेख हवा म्हणून संपादिकाबाईंचा निरोप आला तेव्हा तो 'विलायती' शब्द माझ्या डोक्यात घोळत होताच. पाककृती आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्या भगिनी आपल्याकडे पुष्कळ आहेत. तेव्हा मी हाच विषय घेतला. या विद्येचा शोध घेत मागे जावे तो वाट विलायतेहून वळून थेट आपल्या पुण्याच्या वेशीपाशी येते, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. मलाही वाटले.

प्रथम त्या प्लास्टिकचा उलगडा करते. बादल्या आणि डबे ज्याचे होतात त्या वस्तूशी या शस्त्रक्रियेचा काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ओल्या मातीला आकार देणे, घडवणे असा आहे. शरीराचा मोडलेला किंवा गेलेला भाग त्याच शरीराच्या कातड्यामांसातून पुन्हा घडवायचा, ती प्लास्टिक सर्जरी. शब्दाचा अर्थ थेट कुंभारकामाशी जाऊन भिडतो, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

आपल्या भाषेत नाक म्हणजे निव्वळ श्वास घेण्याचे इंद्रिय नाही. घराण्याचे नाक असते, ते वर असते, कापले जाते, खाली होते. लग्नाच्या बाजारात नकटीला सतराशे विघ्ने. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिकला नाशिक म्हणतात, ही कथा आपण लहानपणी ऐकली आणि नातवंडांना सांगितलीही. परंतु त्या बाईचे पुढे काय झाले असेल, ती त्या चेहऱ्याने कशी वावरली असेल, हा प्रश्न निदान माझ्या मनात तरी कधी आला नव्हता. नाक कापणे ही कथेतलीच गोष्ट नव्हती, ती प्रत्यक्षातली शिक्षा होती. चोराला, फितुराला, पकडलेल्या शत्रूला, आणि नवऱ्याचा संशय आला की बायकोला. जीव घ्यायचा नाही, पण पुन्हा तोंड वर करता येऊ द्यायचे नाही, असा तिच्यातला हिशेब. हात तुटला तर लोक हळहळतात. नाक तुटले की लोक विचारतात, हिने काय केले होते?

अशा शिक्षा झालेल्या एका माणसाची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' नावाच्या मासिकात ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आली. माणसाचे नाव इंग्रजीत कोवासजी असे दिले आहे. ते पारशी नावासारखे वाटते, परंतु हकीकतीत तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. मला वाटते, आपल्याकडच्या कावजी या नावाचेच ते साहेबी रूप असावे. म्हणून मी त्याला कावजीच म्हणणार आहे.

हा कावजी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एक झाले होते तो हा काळ. १७९० ते १७९२ अशी दोन वर्षे ते युद्ध चालले. त्या काळचे लष्कर बैलांच्या पाठीवर चाले. दाणा, दारूगोळा, तंबू, सारे बैलांवर. बैल हाकणारे पळाले की फौज उपाशी, म्हणून शत्रूचा रोख शिपायांइतकाच या गरीब गाडीवानांवरही असे. कावजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापून टाकला. पुढे तो श्रीरंगपट्टणापाशी मुंबईच्या पलटणीला येऊन मिळाला आणि कंपनी सरकारचे पेन्शन खाऊ लागला. एक वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ राहणाऱ्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. तो माणूस वैद्य नव्हता, राजवैद्य तर नव्हताच. मासिकात त्याची जात विटा पाडणाऱ्यांची अशी दिली आहे. म्हणजे कुंभार.

मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी, ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. तिचे त्या मासिकात दिलेले वर्णन इतके नेमके आहे की ते येथे विस्ताराने सांगितल्यावाचून मला राहवत नाही. भगिनींनी जरा मन घट्ट करून वाचावे. भुलीचे औषध तेव्हा जगात नव्हते. ईथरचा उपयोग जगापुढे आला तो १८४६ साली.

कुंभाराने प्रथम मेणाची एक पातळ चकती घेतली. ती नाकाच्या उरलेल्या थोटकावर बसवून, दाबून, वळवून, चांगले शोभेलसे नाक घडवले. मग ती चकती काढून सपाट केली आणि कपाळावर ठेवली. शिंपी कागदाचा बेत कापडावर ठेवतो तशी. तिच्या कडेने रेघ ओढली आणि रेघेच्या आतले कातडे कपाळापासून सोडवले. परंतु सारे सोडवले नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली राखली. सगळी विद्या या पट्टीत आहे. कातडे पूर्ण तोडून दुसरीकडे चिकटवले तर रक्तावाचून ते मरते. या पट्टीतून रक्त वाहत राहते, आणि नव्या जागेशी गाठ पडेपर्यंत कातडे जिवंत राहते. मग नाकाच्या थोटकाची जुनी, वाळलेली कड खरवडून ताजी केली, दोन्ही बाजूंनी व वरच्या ओठावरून चीर पाडली, कपाळाचे कातडे अर्धा वेढा देऊन खाली आणले आणि त्याच्या कडा त्या चिरेत बसवल्या.

टाके नाहीत! टाक्यांच्या जागी काय वापरले म्हणता? काथ. आपल्या पानाच्या तबकातला काथ. तो पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि पाचसहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. काथ तुरट असल्याने रक्त आणि पाझर थांबवतो व वाळला की घट्ट धरतो, हे कोणत्याही पान लावणाऱ्या बाईला ठाऊक असते. चार दिवस दुसरे काही लावले नाही. नंतर त्या पट्ट्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवली. रोग्याला पाचसहा दिवस उताणे निजवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती भुवयांमधली पट्टी कापली, थोडी सफाई केली, आणि नाक कावजीचे झाले. ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, नाक पक्के बसते, आणि कपाळाचा व्रण कालांतराने फारसा दिसत नाही, असेही वर्णनात म्हटले आहे. हिंदुस्थानात ती फार पुरातन काळापासून चालत आली आहे, अशी पुस्तीही जोडली आहे.

कावजीचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये काढले. त्या वेळी नाक होऊन दहा महिने झाले होते. हाच वेल्स तेव्हा पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढीत असे. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र त्याचेच. ज्या हाताने पेशव्यांचे भरजरी अंगरखे रंगवले त्याच हाताने एका बैलहाक्याच्या कपाळावरचा व्रण रंगवला, याचे मला मोठे अगत्य वाटते.

आता कोणी विचारील, ही विद्या कुंभाराकडे आली कोठून? आपल्याकडे लगेच सुश्रुताचे नाव घेण्याची रीत आहे, आणि ते घ्यावेही. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक सांधण्याची कृती आहे. पानाच्या मापाने कातडे घ्यावे, नाकपुड्यांत नळ्या ठेवाव्यात, असे तिच्यात सांगितले आहे. फाटलेल्या कानाच्या पाळ्या जोडण्याचे तर पंधरा प्रकार आहेत. म्हणजे आमच्या काकूंचा रोग दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांनाही होता, आणि दागिन्यांची हौसही. परंतु सुश्रुताने नाकासाठी कातडे गालाचे घ्यायला सांगितले आहे. पुण्याच्या कुंभाराने ते कपाळाचे घेतले. तेव्हा पोथीतले जसेच्या तसे त्याच्या हाती आले, असे म्हणवत नाही. पोथी वाचणाऱ्यांनी रक्तामांसाला शिवणे कधीच सोडले होते. सुरी ज्यांच्या हाती राहिली त्यांनी ती चालवत चालवत आपले शास्त्र पुढे नेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस मनुची नावाच्या व्हेनिसच्या प्रवाशाने, विजापूरच्या लढायांत नाके गमावलेल्यांना तिकडचे शस्त्रवैद्य कपाळाच्या कातड्याने नाके करून देतात, असे लिहून ठेवले आहे. कावजीच्या आधी शंभर वर्षांची ही गोष्ट. मातीला आकार देण्यात ज्याचे आयुष्य गेले, मेणाचे नाक बोटांनी घडवणे ज्याला जड नाही, अशा जातीत ही कला बापाकडून मुलाकडे जात राहावी, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

युरोपात त्यापूर्वी नाके करण्याचा प्रयत्न झालाच नव्हता असे नाही. इटलीतील बोलोन्या येथील तालियाकोत्सी याने १५९७ साली या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याची रीत दंडाचे कातडे घेण्याची. त्यासाठी रोग्याचा हात कित्येक दिवस तोंडाशी बांधून ठेवावा लागे. त्याच्यामागे ती रीत जवळजवळ विसरली गेली.

लंडनमधील जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याच्या मनात मात्र या हिंदुस्थानी नाकाने घर केले. त्याने प्रेतांवर हात बसवला आणि योग्य रोगी मिळण्याची वाट पाहिली. तो मिळाला १८१४ साली. एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक पाऱ्याच्या औषधाने झडले होते. ऑक्टोबर महिन्यात, भुलीवाचून, सुमारे पाव तासात कार्प्यूने पुण्याच्या कुंभाराची शस्त्रक्रिया केली. पट्ट्या सोडल्या तेव्हा जवळ उभ्या असलेल्या मित्राच्या तोंडून, अरे देवा, नाक आले की, अशा अर्थाचे उद्गार निघाले म्हणतात. १८१६ साली कार्प्यूने आपल्या दोन यशस्वी शस्त्रक्रियांची हकीकत पुस्तकरूपाने छापली, आणि मग ही रीत युरोपभर गेली. १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफेने नाक घडवण्याच्या विद्येवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावात तो 'प्लास्टिक' शब्द आला. आजही नाकाची मोठी दुरुस्ती करताना कपाळाचे कातडे वापरतात, त्याला जगभर भारतीय पद्धत असेच म्हणतात.

इकडे आपल्या देशात नाके कापली जातच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काठेवाडात कादू मकराणी या दरोडेखोराने लोकांची नाके कापण्याचा सपाटा लावला होता. जुनागढचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी ती पुन्हा करून देण्याचे काम केले, आणि १८८९ साली आपल्या शंभर रोग्यांची हकीकत छापली. एक कापतो आणि दुसरा लावतो, अशी म्हणच त्या प्रांतात पडली होती. होळकरांच्या इंदुरात कीगन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ही रीत सुधारली. नुसते बाहेरून कातडे लावले की ते आतून आक्रसते, म्हणून त्यांनी आतल्या बाजूसही अस्तर दिले. ब्लाऊजला अस्तर का लावतात हे ज्यांना कळते त्यांना याची थोरवी सांगायला नको.

या डॉक्टरांच्या दारी येणाऱ्यांत दरोडेखोरांनी विद्रूप केलेले पुरुष होते, तशाच नवऱ्याने संशयावरून नाक कापलेल्या बायकाही होत्या. कावजीला युद्धाचा मान होता, पेन्शन होते, चित्र काढायला चित्रकार होता. या बायकांची नावे नाहीत, चित्रे असली तर ती रोग्याची म्हणून. नवे नाक घेऊन त्या कोणत्या घरी परतल्या? ज्याने कापले त्याच्याच? मी हे वाचताना पुस्तक काही वेळ मिटून ठेवले होते.

आणि ही जुनी कथा झाली असे म्हणून सुटता येत नाही. सुरीच्या जागी अॅसिडची बाटली आली, एवढाच फरक. नकार दिला, की चेहरा जाळायचा. २०१३ साली कायद्यात या गुन्ह्यासाठी वेगळे कलम घातले गेले, आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांनीही अशा पीडितांवर मोफत उपचार करावेत, त्यात चेहरा पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियाही याव्यात, असा आदेश दिला. हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत असले पाहिजे. प्रसंग आला तर दवाखान्याच्या दारात उभे राहून सांगता आले पाहिजे. भाजलेल्यांचेही तसेच. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या कित्येक बायकांची हनुवटी आक्रसलेल्या कातड्याने छातीला चिकटते. ती सोडवून मान पुन्हा वर करून देणे हेही याच डॉक्टरांचे काम. याला कोणी थेर म्हणेल काय?

शोभेची शस्त्रक्रिया म्हणतात ती पुढची पायरी. तिची सुरुवातही मला वाटले होते तशी श्रीमंतांच्या हौसेतून झालेली नाही. १८९६ साली बर्लिनमध्ये याकोब योसेफ या डॉक्टरकडे एका आईने आपल्या मुलाला आणले. त्याचे कान सुपासारखे बाहेर आलेले. शाळेत मुले चिडवीत, म्हणून तो शाळेत जाईना. योसेफने ते कान मागे बसवले. निरोगी शरीरावर दिखाऊपणासाठी सुरी चालवली म्हणून त्याची नोकरी गेली. दोनच वर्षांनी एक गृहस्थ अतिशय मोठे नाक घेऊन आले. लोक टक लावून पाहतात म्हणून ते घराबाहेर पडत नसत. योसेफने तेही लहान केले. त्याचे म्हणणे असे की मनाचा संकोच हाही रोगच आहे. हे म्हणणे मला पटते, आणि धास्तीही वाटते. पटते, कारण काकूंचा कानावरचा पदर मी पाहिला आहे. धास्ती यासाठी, की लोकांनी चिडवणे सोडावे यापेक्षा कान कापून घेणे सोपे, असे एकदा ठरले की त्याला अंत कोठला?

पहिल्या महायुद्धाने या विद्येला फार मोठा धक्का पुढे दिला. खंदकातून डोके वर काढणाऱ्याचा चेहराच उडे. इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ साली हॅरल्ड गिलीज यांच्या देखरेखीखाली अशा सैनिकांसाठी रुग्णालय उघडले, आणि तेथे पाच हजारांहून अधिक जणांवर उपचार झाले. गावातील काही बाके निळी रंगवलेली असत. तेथे बसलेला माणूस पाहताना दचकू नये, ही गावकऱ्यांना खूण.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर डॉक्टर नोशीर अंतिया इंग्लंडात ही विद्या शिकून आले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोगात नाकाचा दांडा बसतो, भुवया झडतात, बोटे वाकतात. रोग बरा झाला तरी चेहरा लोकांना सांगत राहतो, आणि घरचे लोक दार उघडत नाहीत. अंतियांनी अशांची नाके उभी केली, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. दीडशेहून अधिक वर्षांनी पुण्याजवळ पुन्हा नाके घडू लागली. या खेपेस करणाऱ्याचे नाव राहिले.

कुष्ठरोग्यांच्या झडलेल्या भुवयांच्या जागी डोक्यावरचे केसासकट कातडे लावण्याची रीत होती, आणि तेथून आपण केसांच्या गोष्टीकडे येतो. मंडळातल्या धाकट्या मुलींनी या लेखात केसांविषयी जरूर लिहा असे बजावले आहे.

केस पेरण्याचे काम प्रथम पद्धतशीरपणे केले जपानात. ओकुदा नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने १९३९ साली, भाजून केस गेलेल्या जागी केसांसह कातड्याच्या बारीक चकत्या बसवण्याची कृती प्रसिद्ध केली. लगेच महायुद्ध पेटले, आणि ते लिखाण जपानातच राहिले. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ साली स्वतंत्रपणे तसेच केले व १९५९ साली प्रसिद्ध केले. त्यांना जे दिसले ते मोठे गमतीचे आहे. पुरुषांचे टक्कल पुढून आणि माथ्यावर पडते, पण मागे मानेवरचे केस म्हातारपणापर्यंत टिकतात. हे मागचे केस उपटून पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच टिकतात. सासरी गेलेली मुलगी माहेरचे वळण सोडीत नाही, तसे. साऱ्या केशरोपणाचा पाया हाच.

त्या काळच्या चकत्या मोठ्या असत आणि केस बाहुलीच्या डोक्यासारखे झुबक्या झुबक्यांनी दिसत. आता केसांचे मूळ, ज्यातून एक ते चार केस एकत्र उगवतात, ते सुटे काढून एकेक लावतात. मागची कातड्याची पट्टी काढून तिच्यातून मुळे वेगळी करतात, किंवा बारीक पोकळ पात्याने मुळेच एकेक उचलतात. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात. घाबरू नये, मूळ आत असते. तीनचार महिन्यांनी नवे फुटतात आणि पुरता फरक दिसायला वर्ष जाते. मात्र एवढे समजून असावे की नवा केस कोणी निर्माण करीत नाही. एका शेतातले रोप काढून दुसऱ्यात लावायचे, रोपांची संख्या तेवढीच.

बायकांच्या बाबतीत म्हणूनच अधिक विचार लागतो. आपले केस बहुधा सगळीकडून विरळ होतात, मागचेही. मग रोप आणायचे कोठून? बाळंतपणानंतर, मोठ्या तापानंतर गळणारे केस बहुधा काही महिन्यांत आपोआप येतात. अंगात रक्त कमी, थायरॉईड बिघडलेले, जेवणात आबाळ, अशी कारणे असतील तर उपचार तेथे हवा. चाई पडली तर तो निराळाच रोग. ताणून वेण्या घालून कपाळाकडची रेघ मागे सरकते, तेव्हा आधी वेणी सैल करावी. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे रक्त तपासून घ्यावे, मग पुढची भाषा. केशरोपण शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच करावे, यूट्यूबवर पाहून वा एखादी कार्यशाळा पाहून आलेल्याने नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली लेखी सांगावे लागले, यावरूनच बाजाराची कल्पना यावी. भूल द्यायची, शेकडो भोके पाडायची, हे केशकर्तनालयातले काम नाही. डॉक्टरचे शिक्षण विचारण्यात भीड कसली?

केसांची गोष्ट काढली की मला आणखी एक आठवते. विधवेचे केस बळजबरीने काढण्याची चाल आपल्याच समाजात होती. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच तो खाली ठेवला. नाक आणि केस, दोहोंवर लोकांचा डोळा, आणि दोन्ही पुन्हा मिळण्याची वाट हातकाम करणाऱ्यांच्या वस्तीतून गेली.

असो. कावजीचे ते चित्र आता कोणालाही पाहता येते. माझ्या नातवाने मला ते फोनवर काढून दाखवले. डोक्याला फडके, कपाळावर व्रण, आणि खाली ते नाक. थोडे जाड, पण सरळ. चित्राच्या कडेला मेणाच्या चकतीची आकृती आहे. चित्रकाराचे नाव आहे, ज्याचे नाक गेले त्याचे आहे, ज्यांनी पाहिले त्या दोन साहेबांचीही आहेत. कुंभाराची फक्त जात आहे, आणि तो पुण्याजवळ राहत होता एवढे. मी नातवाला विचारले, कोणते गाव ते कोठे दिले आहे का बघ. त्याने बोटाने चित्र मोठे करून पाहिले, आणि नाही म्हणाला.